रविवारचा नेम

नाताळ जवळ आला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या गॅलऱ्यांतून कागदी चांदण्या उजळू लागतात. दिवाळीत आपला आकाशकंदील जेथे लटकत होता, त्याच्याच पलीकडच्या खिळ्यावर. पंचवीस डिसेंबरला शेजारच्या घरून नेवऱ्या, कलकल आणि केक यांचे झाकलेले ताट येते, आपण ते आनंदाने घेतो आणि रिकामे परत न पाठवता त्यात काही घालून पाठवतो. शेजारधर्म इथवर सुरळीत चालतो. परंतु वर्षातील एका दिवसाने कोणत्याही धर्माची खरी ओळख होत नाही. आषाढीला वारकरी दिसतो हे खरे. तो घडतो मात्र पंधरवड्याच्या एकादशीने, रोजच्या हरिपाठाने आणि गळ्यातील माळेने. त्याच न्यायाने नाताळ हा ज्या डहाळीवर उमलतो, तिची मुळे वर्षाच्या बावन्न रविवारांत आहेत. आजचा लेख त्या रविवारांविषयी आहे.

कॅथलिक ख्रिस्ती ज्याला इंग्रजीत पॅरिश म्हणतात, त्याला मराठी ख्रिस्ती बांधवांनी ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द योजला आहे. पॅरिश हा शब्द मूळ ग्रीक ‘पारोइकिआ’वरून आलेला. त्याचा अर्थ शेजारची वस्ती, परगावी येऊन राहिलेल्यांची वस्ती. त्यातील ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि संस्कृतातील घर या अर्थाचा ‘वेश’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध केले आहे. आपण शेजाऱ्याला संस्कृतात ‘प्रतिवेशी’ म्हणतो. तेव्हा धर्मग्राम आणि शेजार हे दोन शब्द एकाच अंगणातले आहेत. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती स्वतःला या जगातले पांथस्थ समजत, म्हणून त्यांनी हा शब्द उचलला. डोंबिवली-कल्याणला तो अधिकच शोभतो. येथे मूळचा गावकरी शोधावा लागतो. कोणी गोव्याचा, कोणी मंगळूरचा, कोणी केरळातला, कोणी अहिल्यानगर वा जालना जिल्ह्यातला. सारे आगगाडीच्या आणि कारखान्यांच्या आधाराने येऊन वसलेले.

धर्मग्रामाला सीमा असते, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक नसते. आपण कोणत्या देवळात जावे हे आपले मन ठरवते. कॅथलिक कुटुंब कोणत्या धर्मग्रामाचे, हे सर्वसाधारणपणे त्याचा पत्ता ठरवतो. बिऱ्हाड हलले की धर्मग्राम बदलतो, नव्या ठिकाणी नाव नोंदवावे लागते. त्या सीमेच्या आत राहणाऱ्या प्रत्येक कॅथलिक घराची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर असते, मग ते घर रविवारी येवो अथवा न येवो.

आणि रविवारी येणे हा ऐच्छिक भाग नाही. रविवारच्या मिस्सेला उपस्थित राहणे हे कॅथलिकांचे कर्तव्य आहे. आजारपण, तान्ह्या मुलाची वा रुग्णाची शुश्रूषा यांसारखे सबळ कारण नसता ते चुकविणे दोष मानला जातो. आपल्या भाषेत हा ‘नेम’ आहे. चर्च हे मुख्यतः एकट्याने दर्शन घेऊन निघून जाण्याचे स्थान नसून एका वेळी एकत्र जमण्याचे स्थान आहे, हा भेद ध्यानात घेतल्यावाचून त्यांचा आठवडा आपल्याला उमगणार नाही. शनिवारी सायंकाळची मिस्साही रविवारचीच धरतात. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि ख्रिस्ती उपासनेने सणावारांपुरती ती गणना जपून ठेवली. पूर्वी सायंकाळची मिस्सा नसे, कारण ख्रिस्तशरीर ग्रहण करणाऱ्याला मध्यरात्रीपासून निर्जळी उपवास असे. हा नियम हळूहळू सैल होत १९५७ साली तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आला. सहा दिवस लोकलने मुंबई गाठणाऱ्या आणि सातव्या दिवशीही पाळी असणाऱ्या माणसाला हा नेम आज पाळता येतो, तो या सवलतीमुळे.

डोंबिवलीस कीर्तनानिमित्त येणे होते, तेव्हा एका श्रोत्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी मला त्यांच्याबरोबर मिस्सेला येण्याचे निमंत्रण दिले. मी शेवटच्या बाकावर बसून संपूर्ण विधी पाहिला. कीर्तनकाराला सभेची पारख असते. प्रारंभी सर्वांनी आपल्या दोषांची एकत्र कबुली दिली. मग वाचने झाली: एक जुन्या करारातील, त्यानंतर स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतील एक, आणि शेवटी शुभवर्तमान. शुभवर्तमानाच्या वेळी सारी सभा उठून उभी राहिली आणि प्रत्येकाने अंगठ्याने कपाळावर, ओठांवर व छातीवर लहानसा क्रूस काढला. बुद्धी, वाणी आणि हृदय यांवर ते वचन ठसावे, हा हेतू. ज्याने न्यास केले आहेत, त्याला यावर भाष्य नको. नंतर धर्मगुरूंचे प्रवचन. ते दहा-बारा मिनिटांत संपले. आमच्या व्यवसायातील मंडळींनी हेवा करावा असा हा संयम आहे, एवढे लिहून पुढे जातो.

ही वाचने धर्मगुरू आपल्या आवडीने निवडत नाहीत. १९६९ साली नव्या क्रमाची आखणी झाली. त्यानुसार रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान विशेष काळांत येते. म्हणजे ठाण्यात जे वचन वाचले जाते तेच त्या दिवशी मनिला, रोम आणि लिस्बन येथील रोमन परंपरेच्या चर्चांत वाचले जाते. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या आपल्या मंडळींना सामूहिक वाचनाचे बळ सांगावयास नको.

यानंतर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. येथे एक खुलासा अगत्याचा आहे. धर्मगुरूंच्या मुखातील ख्रिस्ताच्या शब्दांनी ती भाकर ख्रिस्ताचे शरीर आणि तो द्राक्षारस ख्रिस्ताचे रक्त होतो, अशी कॅथलिकांची दृढ श्रद्धा आहे. म्हणून रांग लागली की आपल्यापैकी कोणी भाविकपणाने प्रसाद समजून तीत उभे राहू नये. आपल्या अर्थाने तो प्रसाद नव्हे. स्नानसंस्कार झालेल्या आणि त्यासाठी तयारी केलेल्या कॅथलिकानेच तो घ्यावयाचा असतो. शांतपणे बाकावर बसून राहिल्यास कोणी अनादर मानत नाही. त्याआधी एकमेकांना शांतीची खूण देण्याचा क्षण येतो. युरोपात त्या वेळी हस्तांदोलन करतात. आपल्याकडे लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. भारतीय धर्माचार्यांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने १९६९ साली मान्यता दिली. अंजली, पंचांग प्रणाम, पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, समया आणि आरती हे सारे त्यांत आहे. शहरी चर्चांत यांतील थोडेच रुजले. हात जोडणे मात्र रुजले.

आठवड्याचे इतर दिवसही रिकामे नसतात. आपल्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यांच्या जपमाळेलाही वार आहेत. रोझरीचा जप करताना ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या चरित्रातील प्रसंगांचे चिंतन करतात. सोमवारी व शनिवारी आनंदाचे, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी व रविवारी गौरवाचे. गुरुवारसाठी प्रकाशाचे प्रसंग पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडले. माळेत मणी एकोणसाठ. पूर्वी तीन फेऱ्यांचे मिळून मरियेच्या प्रार्थनेचे दीडशे जप होत, बायबलमधील दीडशे स्तोत्रांच्या संख्येवरून. ज्यांना स्तोत्रे वाचता येत नव्हती त्या सामान्य जनांचे ते स्तोत्रपठण होते. नामाचा महिमा तिकडेही निरक्षरांनीच टिकवला, हे मला फार हृद्य वाटते. दिवेलागणीला घरातील सर्वांनी तसबिरीसमोर गुडघे टेकून रोझरी म्हणावयाची ही जुनी चाल. आजी आघाडीला, नातवंडे डुलक्या घेत मागे. दूरदर्शनने आणि नंतर हातातल्या फोनने आपल्या परवच्याचे जे केले, तेच या चालीचेही केले. ऑक्टोबर महिन्यात मात्र अनेक धर्मग्रामांत मरियेची मूर्ती घरोघर नेतात, आणि त्या संध्याकाळी जिन्यातील सगळी कॅथलिक बिऱ्हाडे एका खोलीत मावतात.

बुधवार नोव्हेनाचा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ साली बुधवारची नोव्हेना सुरू झाली, आणि तेथे जाणाऱ्यांत आपल्या हिंदू घरांतील माणसेही किती असतात हे लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट म्हणतात. भिंतीवरील चौदा चित्रांसमोर क्रमाने थांबत ख्रिस्ताच्या शेवटच्या यात्रेचे स्मरण करावयाचे. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा आंजेलुसची घंटा होते, ती त्यांची त्रिकाल संध्या म्हणावी.

घंटेवरून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तेथील पोर्तुगीज चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या. आमच्या नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे, तिच्यावर १७२१ हा इसवी सनाचा आकडा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावरील घंटेवर मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आजही दिसते. भीमाशंकरासही अशीच एक आहे. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ आपण तिचा नाद शिवाला अर्पण करतो आहोत, आणि त्या नादाने आपल्या पूजेत कधी उणे आलेले नाही.

युद्धाचा कढ निवाल्यावरचे वर्तनही नोंदण्यासारखे आहे. ठाणे मराठ्यांनी १७३७ साली घेतले होते. वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली आणि उपासना चालू राहिली. मासुंदा तलावाच्या काठी उभे असलेले संत योहान बाप्तिस्ताचे चर्च पोर्तुगीज अमलात मूळ धरून, मराठे आणि इंग्रज असे दोन अंमल पाहून, आजही तेथेच आहे. या संताचा जन्मदिवस चोवीस जून, नाताळच्या सुमारे सहा महिने आधी. एक दक्षिणायनाच्या आरंभाशी, दुसरा उत्तरायणाच्या. आपण लहान व्हावे आणि येणाऱ्याने मोठे व्हावे, असे योहान ख्रिस्ताविषयी म्हणाला होता, आणि त्याच्या दिवसानंतर दिवस लहान होऊ लागतो, ख्रिस्ताच्या दिवसानंतर मोठा. पंचांग पाहणाऱ्याला ही योजना भावल्यावाचून राहात नाही.

तथापि या भागातील ख्रिस्ती धर्माची कथा पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला एक बिशप असल्याचे लिहून ठेवले. ते आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, आणि त्यांच्या अस्थी ओदोरिक नावाच्या प्रवाशाने चीनपर्यंत नेल्या. पर्शियाकडील त्या प्राचीन पौर्वात्य परंपरेशी नाते सांगणारे केरळातील सिरो-मलबार ख्रिस्ती पोटापाण्यासाठी मुंबईकडे आले, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत १९८८ साली कुठे स्थापन झाला, तर कल्याणला. कल्याण पश्चिमेस त्यांचे संत थॉमसाचे मुख्य चर्च आहे. तेथील विधीला ‘कुर्बाना’ म्हणतात. हा सिरियाक शब्द, अर्थ अर्पण. श्रद्धा तीच, पोपही तेच, परंतु विधीचा संप्रदाय वेगळा. आपल्याकडील शाखा आणि सूत्र यांचा भेद ज्याला कळतो त्याला हे कळावे.

धर्मग्रामाचे खरे सामर्थ्य मला विधीपेक्षाही त्याच्या वहीत दिसले. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्राम ठेवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात स्नानसंस्कार झालेली मुलगी डोंबिवलीत विवाहबद्ध झाली, तर त्या विवाहाची वार्ता तिच्या मूळ धर्मग्रामाकडे पाठवतात आणि तेथील वहीत तिच्या जुन्या नोंदीसमोर ती लिहिली जाते. त्र्यंबकेश्वरी आणि नाशिकला क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत ज्यांनी आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर पाहिले आहे, त्यांना या नोंदीची किंमत समजेल. माणूस गावातून निघून गेला तरी गाव त्याला विसरत नाही.

शहरातील धर्मग्रामात हजारो माणसे असतात, मग ओळख कशी राहावी? मुंबई महाधर्मप्रांतात १९८० नंतरच्या दशकात इमारती-गल्ल्यांनुसार लहान ख्रिस्ती समूह बांधण्याचे काम जोमाने सुरू झाले. हे समूह कोणाच्या तरी घरी जमतात, वचन वाचतात, आणि मग बोलणे होते ते कोणाची नोकरी सुटली, कोण रुग्णालयात आहे, कोणाच्या म्हातारीला औषध आणून द्यावयाचे याविषयी. संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह सुरू केली. तिच्या शाखा धर्मग्रामांतून नियमाने बैठक घेतात. सभासद दोघे-दोघे मिळून गरजूंच्या घरी जातात. बैठकीत एक पिशवी गुपचूप फिरते, कोणी किती घातले ते दुसऱ्याला दिसत नाही. ज्या घरी मदत जाते त्याचे नाव बाहेर सांगावयाचे नाही, असा दंडक आहे. आपल्या उत्सवमंडळांच्या देणगीफलकांवर नावे किती ठळक असतात हे आठवून मी तेथे काही क्षण स्तब्ध झालो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिकडे वळतो. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. तो ठराव ४ डिसेंबर १९६३ चा. त्यापूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि लोक बाकांवर बसून आपापली जपमाळ ओढीत. संस्कृताचा विद्यार्थी म्हणून मला लॅटिनचा वियोग थोडा लागतो. जगभर एकाच नादात म्हटले जाणारे शब्द हरपणे ही साधी हानी नव्हे. परंतु कीर्तनकार म्हणून माझी साक्ष वेगळी आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला जो निर्णय एका तरुण योग्याने घेतला, तोच हा. आणि मराठीत तर ख्रिस्ती भक्तीला पाया आधीच होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. १६५९ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायस यांचे, ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांवरील मराठी पुराण आले, ते उत्तर कोकणच्या बोलीत. ‘निरोप्या’ हे मराठी कॅथलिक मासिक १९०३ साली निघाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि २०२४ साली त्यांचे देहावसान झाले.

या परंपरेची शब्दसंपदा पाहावी. वेदी, प्रवचन, प्रायश्चित्त, उपवासकाळ, स्नानसंस्कार, धर्मगुरू, आगमनकाळ. आपले सोळा संस्कार, त्यांचे सात. ‘क्रूस’ आणि ‘नाताळ’ यांसारखे पोर्तुगीज शब्द सोडले तर आपल्या पाठशाळेत बसल्यासारखे वाटते. पण हे शब्द आज कोण उच्चारते? या शहरांतील धर्मग्रामांत इंग्रजी मिस्सेला गर्दी अधिक. मुले इंग्रजी शाळेत जातात, धर्मशिक्षणाचा वर्ग इंग्रजीत होतो, पहिल्या ख्रिस्तशरीराची तयारी इंग्रजीत होते. ज्या घरात आजी मराठीत माळ म्हणते, त्याच घरात नात इंग्रजीत उत्तर देते. दोघींचा देव एक आहे, परंतु घरातल्या प्रार्थनेचा सूर दोन भाषांत फाटला आहे. मी ज्यांच्याबरोबर गेलो, त्या गृहिणी मराठवाड्यातल्या. त्या मला म्हणाल्या, “महाराज, इंग्रजी मिस्सा मला समजते. पण रडू येते ते मराठीतच.” आपल्या घरातील मुलांना रामरक्षा रोमन लिपीत लिहून द्यावी लागते, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुःख मात्र दोन्ही घरांचे एकच आहे, आणि ते दोन्ही घरांनी एकमेकांजवळ बोलावे असे आहे.

चोवीस डिसेंबरच्या रात्री गव्हाणीतील बाळासमोर दिवे लागतील. निमंत्रण आले तर अवश्य जावे. डोक्यावर टोपी असल्यास पुरुषांनी ती काढावी, सभा उभी राहील तेव्हा उभे राहावे, गुडघे टेकण्याची सक्ती नसते. निमंत्रण नसेल त्यांनीही तलावपाळीवरून जाताना संत योहानाच्या चर्चशी क्षणभर थांबावे. मिस्सेच्या वेळा कोणत्याही चर्चच्या प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात. त्यांत मराठी मिस्सा असलीच तर बहुधा एकच असते; ती कोणत्या वेळी आहे हे वाचून ठेवावे आणि पुढच्या भेटीत शेजारच्या आजींना विचारावे, की या रविवारी तिला किती माणसे होती.